उन्हात धरलेली पत्रिका

मागच्या महिन्यात आमच्या छपाईवाल्यांच्या बैठकीत माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि एक काचेचं स्मृतिचिन्ह — तेही माझ्याच दुकानातून छापून गेलेलं. मला बोलायला विषय दिला होता, 'एआय आणि आपला धंदा'. बोललो. टाळ्याही मिळाल्या. शेवटी शेवगावकडच्या एका प्रेसवाल्यानं उठून विचारलं, की साहेब, ह्या एआयपायी तुमच्याकडं कुणाची नोकरी गेली का? मी चेहरा पाडला — मला तो हवा तसा पाडता येतो — आणि म्हणालो, "गेली. एका जुन्या डिझायनरला कमी करावं लागलं. फार जीवावर आलं, पण काळापुढं कुणाचं चालतं?" सगळ्यांनी माना हलवल्या. एकानं तर पाठीवर हात ठेवला.

खोटं होतं ते. आणि खरं काय, ते मी आजवर कुणापुढंच बोललेलो नाही. बायकोला माहीत नाही. दुकानातल्या मशीनवाल्याला थोडा वास आहे, पण तो गप्प बसतो, त्याला पगार मी देतो. मग आता का बोलतोय? कारण तो पाठीवरचा हात अजून जात नाही. घरी येऊन शाल कपाटात कोंबली तेव्हा इतका संताप आला, की ते काचेचं चिन्ह भिंतीवर मारावंसं वाटलं. मारलं नाही. ते दुकानात काउंटरवर ठेवलंय, गिऱ्हाइकांना दिसेल असं. असा मी आहे. पुढचं ऐकायचं असेल तर एवढं आधी माहीत असू द्या.

नगरला आमचं दुकान वडिलांच्या वेळचं. लग्नपत्रिका, फ्लेक्स, नागापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांची खोकी नि स्टिकर, दूधवाल्यांच्या पिशव्यांवरची चित्रं — जे छापता येईल ते छापतो. वडिलांनी दोन गोष्टी शिकवल्या. एक, दारात येईल त्याला त्याचा नमस्कार घालायचा. कुणाला रामराम, कुणाला जय भीम, कुणाला सलाम, कुणाला जय जिनेंद्र. माणूस पायरी चढतानाच ओळखायचा आणि त्याच्या आधी आपण बोलायचं. दुसरी, कुठल्याही पत्रिकेचा पहिला कागद मशीनवरून उतरला, की तो घेऊन दाराबाहेर यायचं आणि उन्हात धरायचा. ट्यूबलाइटखाली रंग खोटा दिसतो म्हणायचे. ऊन खरं काय ते सांगतं. वडील गेले, पण ही सवय माझ्या अंगात तशीच राहिली. हे लक्षात ठेवा — मी मुद्दाम सांगतोय.

आता उज्ज्वला. लग्न होऊन भिंगारला आली आणि वर्षभरात आमच्याकडं डिझाईनच्या कामाला लागली. दहा-बारा वर्षं होती. फार गरीब गाय होती असं काही समजू नका. तोंडाची फटकळ, उशिरा येणारी, बहिणीशी फोनवर तासभर बोलणारी. शेंगदाणे खात काम करायची, टरफलं कीबोर्डात. गिऱ्हाइकाशी भांडायची, माझ्याशी भांडायची, आणि रुसली की दोन दिवस मानेनंच हो-नाही. पण गिऱ्हाईक तिच्याच खुर्चीमागं येऊन उभं राहायचं, माझ्या नाही. याचं मला वाईट वाटायचं का? वाटायचं. मालक मी होतो ना.

मग एआय आलं. आधी मी हसलो, मग वर्षाचे पैसे भरले, मग वेडा झालो. खोटं कशाला बोलू — जादूच होती. मिठाईच्या खोक्यावर राजवाडा हवा? मिनिटभरात राजवाडा. जिमच्या बोर्डावर सिंह हवा? चार सिंह, निवडा. जे काम उज्ज्वला दिवसभर टरफलं सांडत करायची, ते मी चहा गार व्हायच्या आत करत होतो. मी, ज्याला सरळ रेघ मारता येत नाही! माझ्या धंद्यातले लोक रडत होते, की आता गिऱ्हाईक मोबाईलवरच डिझाईन करून आणतं आणि 'फक्त प्रिंट मारा' म्हणतं. मला रडू येत नव्हतं. मला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा वाटत होतं, की हे दुकान माझं आहे.

अशात एका डेअरीवाल्याच्या पिशवीसाठी मी गाय बनवली. हिरवंगार रान, मागं डोंगर, पुढं काळी-पांढरी संकरित गाय. उज्ज्वलानं स्क्रीनकडं पाहिलं आणि डेअरीवाल्यासमोरच म्हणाली, "दादा, ह्या गाईला बैलावानी वशिंड हाय. ही दूध देनार का नांगर वढनार?" डेअरीवाला खो-खो हसला. मशीनवाला हसला. मीही हसलो. हसलो, पण आतून पेटलो. काय चुकीचं बोलली होती ती? काहीच नाही. होतंच ते वशिंड. माणसाचा राग किती फालतू गोष्टीवर उभा राहतो पाहा — माझा एका गाईच्या वशिंडावर उभा राहिला.

त्याच आठवड्यात ती रजेवर गेली. बहिणीचं बाळंतपण होतं, पुणतांब्याला. जाताना सांगून गेली, की साळवेभाऊ येतील, त्यांच्या मुलीचं लग्न आहे, त्यांची पत्रिका मी आले की करते, घाई करू नका, वेळ आहे. रतन साळवे नागापूरला एका कारखान्यात फिटर, तिच्याच विहारातले. तिच्या भरवशावर आमच्याकडं येणार होते.

ते आले. जय भीम घातला मी, पायरीवरच. मजकूर त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहून आणला होता, 'मंगल परिणय' वगैरे, बौद्ध पद्धतीचा. म्हणाले, उज्ज्वला नाही का? मी म्हणालो, कशाला हवी ती? बसा, तुमच्यासमोर करून देतो. आणि बसलो मशीनपुढं. मी एआयला काय सांगितलं ते अजून शब्दन्‌शब्द आठवतं — 'पारंपरिक मराठी लग्नपत्रिका, सोनेरी, राजेशाही.' आलं. काय आलं होतं! सोनेरी वेलबुट्टी, तोरण, नक्षी. साळवेभाऊंचे डोळे मोठे झाले. मी वर बुद्धांचं चित्र बसवलं, मजकूर टाकला, मोबाईलवर नमुना पाठवून दिला. त्यांनी घरी दाखवला, सगळ्यांना आवडला, छापा म्हणाले. मी चमकीच्या मोतिया कागदावर छापून दिल्या. मला कधी एकदा उज्ज्वला परत येते आणि तिला दाखवतो असं झालं होतं.

त्या सोनेरी नक्षीत, नवरा-नवरीच्या नावांच्या बरोबर मागं, फिकट गणपती होता. मोबाईलवर दिसत नव्हता. ट्यूबलाइटखालीही दिसत नव्हता. कागद उजेडात तिरपा केला की सोंडेसकट उमटायचा. मशीनला 'पारंपरिक मराठी' एवढंच कळलं, आणि त्याच्या लेखी पारंपरिक मराठी लग्न म्हणजे एकाच प्रकारच्या माणसांचं. त्या दिवशी घाईत कागद उन्हात धरायचा राहून गेला — असं मी स्वतःला सांगत आलोय.

पत्रिका वाटल्या गेल्या. कर्जतला नवऱ्या मुलाच्या चुलत्यांनी अंगणात पाकीट उघडलं, आणि अंगणात ऊन होतं. दुसऱ्या दिवशी साळवेभाऊ दुकानात आले. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं. ते काउंटरसमोर उभे राहिले आणि पत्रिका माझ्यापुढं तिरपी धरली.

"शेठ, माझ्या आज्यानं घरातले देव उचलून सीना नदीत सोडले हुते," ते म्हणाले. "आख्खं गाव हसलं हुतं त्याला. म्हनलं हुतं, आता तुझं वाटुळं हुईल. न्हाई झालं. आन तुमी त्यो देव आमच्या पोरीच्या नावामागं आनून बसवला. आता पाव्हणे इचारत्यात, बावीस प्रतिज्ञा इसरला का म्हनून. काय सांगू मी त्यान्ला?"

काय सांगायचं होतं मला? सोपं होतं. 'माझ्या हातून झालं, भाऊ.' पाच शब्दसुद्धा नाहीत. दुकानात त्या वेळी अजून दोन गिऱ्हाइकं उभी होती, कान टवकारून. आणि मला दिसलं, की हे बाहेर गेलं तर भिंगारपासून नागापूरपर्यंत त्या समाजाचं एकही काम माझ्याकडं येणार नाही. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "उज्ज्वलानं केली ती. जायच्या आधी करून ठेवली होती. मी नुसती छापली."

म्हणजे त्यांच्यासमोर बसून मीच केली होती — हे त्यांना ठाऊक नव्हतं का? होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी लगेच पुढचं जोडलं, की मी तुमच्यासमोर नुसता मजकूर भरला, मागची नक्षी तिनंच बनवून ठेवलेली होती. खोटं बोलताना मी किती झटपट चालतो, बघा! इतक्या पटकन मला कुठलं डिझाईन सुचलं नाही कधी.

साळवेभाऊंनी पत्रिका परत पाकिटात सारली. मग म्हणाले, "आपलीच पोर? तिनं असं करावं?" आणि गेले. मी नव्या पत्रिका फुकट छापून दिल्या, वर त्याचं श्रेयही घेतलं. ते घरोघर फिरून जुन्या परत गोळा करत होते. प्रत्येक दारात तेच सांगत होते, की उज्ज्वलाच्या हातून चूक झाली.

ती पुणतांब्याहून आली ती थेट दुकानात. रुसली नव्हती, भांडलीही नाही. तिला असं पाहायची मला सवय नव्हती. म्हणाली, "दादा, तुमी नुसतं एकदा त्यान्ला फोन करा. येवढंच सांगा, ती नव्हती म्हनून." मी म्हणालो, बघू. ती उभीच राहिली. विहारात बायका तिच्याकडं पाहत नव्हत्या म्हणे. कुणी म्हणत होतं, निष्काळजीपणा. कुणी म्हणत होतं, मालकाचं ऐकून मुद्दाम केलं. ती खरं सांगत होती आणि लोक अर्धंच खरं मानत होते. मालक कशाला खोटं बोलेल, त्यानं तर पत्रिका फुकट करून दिल्या!

ती समोर असताना मला काम सुचेना. मग आठवडाभरानं मी तिला बसवून सांगितलं, की आता एआय आलंय, काम कमी झालंय, तू थोडे दिवस घरी राहा, लागलं तर बोलावतो. किती छान शब्द मिळाला होता मला! एआय. जो तो त्यालाच शिव्या देत होता, त्यात माझी एक भर. उज्ज्वलानं शेंगदाण्याचा डबा पिशवीत टाकला, कीबोर्ड उलटा करून टरफलं झाडली, आणि गेली. खरं सांगू? त्या महिन्यात काम वाढलेलं होतं. दोन नवे कारखाने आले होते नागापूरचे. मला माणूस कमी पडत होता.

आता मगाशी जे मुद्दाम टाळलं ते. मला वाटलं होतं, एवढं सांगून भागेल. भित्रेपणा केला, दुसऱ्याचं नाव घेतलं — हे वाईट आहे, पण ऐकणारा समजून घेतो. घाईत चूक झाली, मग माणूस घाबरला. असं होतं बऱ्याच जणांचं. नाही का?

पण चूक झालेलीच नव्हती. पहिला कागद मशीनवरून उतरला तेव्हा मी तो उचलला. दाराबाहेर आलो. पायरीवर उभा राहून उन्हात धरला, वडिलांनी शिकवलं तसा. आणि मला गणपती दिसला. सोंड, मुकुट, हातातला मोदक — सगळा दिसला. मशीनवाला आतून विचारत होता, रंग बरोबर आहे का? मी तिथं उभा होतो, हातात एकच कागद, बाकीच्या सगळ्या अजून कोऱ्या. थांबवायला काय लागलं असतं? एक हाक.

आणि माझ्या मनात काय आलं ते सांगतो. मनात आलं — दिसला तर दिसला. गणपतीच आहे. लग्नात गणपती असला म्हणून कुणाचं काय वाईट होणार आहे? एवढं काय त्यात? हे शब्द मला मशीननं दिले नाहीत. मशीनला काहीच माहीत नव्हतं, त्याला साळवेभाऊ कोण ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मीच पायरीवर जय भीम घातला होता. वर्षानुवर्षं मी तो घालत आलो, आणि त्या उन्हात मला कळलं, की माझ्या लेखी तो गिऱ्हाइकाला पाजायच्या चहाइतकाच होता. पाजायचा, धंदा होतो. आतून मी त्या माणसांचं काहीच मानलेलं नव्हतं. 'एवढं काय त्यात' — माझ्या वडिलांच्या काळापासून आमच्या घरात हेच चालत आलंय, फक्त मोठ्यानं कुणी बोलत नाही. मी आत गेलो आणि म्हणालो, "बरोबर आहे. मार."

आता कळलं, मला त्या पाठीवरच्या हाताचा संताप का येतो?

एप्रिलात भीमजयंती आली. भिंगारला त्यांच्या वस्तीच्या कोपऱ्यावर दरवर्षी मोठा फ्लेक्स लागतो, खाली शुभेच्छुकांच्या लहान लहान गोल फोटोंची रांग. तो फ्लेक्स दरवर्षी उज्ज्वला करायची, आमच्याच दुकानात, जेवणाच्या सुट्टीत, एक पैसा न घेता. रांगेच्या अगदी टोकाला तिचा स्वतःचा फोटो असायचा. त्या एका फोटोसाठी ती पार्लरमध्ये जाऊन यायची आणि आम्ही तिला चिडवायचो. त्या वर्षी मंडळाची माणसं माझ्याकडं आली. म्हणाली, "यंदा ताईला न्हाई सांगायचं. तुमीच करा, त्या एआयवर. लई भारी निघतंय म्हनं."

मी हो म्हणालो. केला. ह्या वेळी डोळ्यांत तेल घालून केला, प्रत्येक कोपरा तपासला, तुकडा छापून उन्हात धरला. बघता येत होतं मला, पाहिजे तेव्हा. मंडळानं दिलेल्या फोटोंत तिचा नव्हता. मागच्या वर्षीचा माझ्या कॉम्प्युटरात होता. मी तो उघडून पाहिला आणि बंद केला.

फ्लेक्स टेम्पोतून मीच घेऊन गेलो, कारण अशा दिवशी मालक स्वतः दिसलेला चांगला. दुपारची वेळ. वस्तीतली माणसं जमली होती, साळवेभाऊसुद्धा होते. दोघं वर चढून दोऱ्या बांधत होते आणि खाली शिडी धरून उज्ज्वला उभी होती. तिला कुणी हटकलं नव्हतं, कुणी बोलतही नव्हतं. फ्लेक्स सरळ झाला तशी तिनं शिडी सोडली, मागं सरकली आणि खालची फोटोंची रांग ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. टोकाला पोहोचून थांबली. मग माझ्याकडं वळली.

"दादा, ह्यो कुनी केला?"

सगळे ऐकत होते. मी हसून म्हणालो, "एआयनं."

"आन ती पत्रिका?"

साळवेभाऊ माझ्याकडं पाहत होते. ती रागानं नव्हती विचारत — मला हात देत होती. आता एवढं म्हटलं की झालं, असा रस्ता तिनं माझ्यापुढं मोकळा करून ठेवला होता. 'तीही एआयनंच' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. तेही अर्धं खोटंच, पण तिला पुरलं असतं. पुढं त्या बैठकीत ज्याच्यावर सगळं ढकललं, त्याच्यावर तिथं एक शब्द ढकलायला मला काय झालं होतं? पण मग साळवेभाऊंनी विचारलं असतं, की उज्ज्वलाचं नाव कुणी घेतलं होतं?

मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "ती तू केलीस, उज्ज्वला."

ती वळली. परत शिडीपाशी गेली, वरचे दोघं उतरायचे होते, त्यांच्यासाठी ती धरून उभी राहिली.

हे मी म्हणालो, भर उन्हात, माझ्या तोंडानं. मशीन तेव्हा दुकानात बंद होतं.